बावीसच्या पुढचे आकडे

१

पिवळीला बंद करायची एक रीत होती, आणि ती मोडलेली मास्तरला खपत नसे.

पिवळी म्हणजे फळांच्या कोल्ड स्टोरेजमधली गॅसवर चालणारी जुनी फोर्कलिफ्ट. पुढे पेट्यांची थप्पी उचलायला दोन लोखंडी पाती, आणि ड्रायव्हरच्या पाठीमागे पट्ट्यांनी बांधलेला आडवा सिलिंडर. हिची किल्ली फिरवून सरळ चालू लागायचं नाही. आधी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि इंजिन तसंच चालू द्यायचं. नळीत उरलेला गॅस जळून संपला की इंजिन दोनदा खोकतं आणि आपलं आपणच गप्प होतं. त्यानंतर किल्ली. बाकीचे ड्रायव्हर व्हॉल्व्ह फिरवायचे आणि डबा खायला पसार व्हायचे. वीस-बावीस सेकंदांचा तर मामला, त्यासाठी कोण खोळंबून राहणार?

मास्तर खोळंबायचा. चामड्याचे हातमोजे काखेत धरून तो पिवळीशेजारी उभा राहायचा आणि ओठातल्या ओठात मोजायचा. एक, दोन, तीन. शाळेत पाढे घ्यावेत तसं. त्यावरूनच त्याला मास्तर हे नाव पडलं होतं, नाहीतर पठ्ठ्या आठवीच्या पुढे गेलेला नव्हता. दोन वर्षं त्याचा हा नेम होता, आणि दोन वर्षांत आकडा कधी बदलला नव्हता. सिलिंडर भरलेला असो की तळाला गेलेला, बावीसला पिवळी गप्प.

त्या सोमवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीआधी, त्याने तीन नंबरच्या खोलीबाहेरच्या बोळात पिवळी उभी केली. व्हॉल्व्ह घट्ट होईतो फिरवला, मोजे काढून एकदा उघड्या हाताने फिरवून पाहिला, आणि मोजायला लागला. वीस. एकवीस. बावीस.

पिवळी चालूच.

तेवीस. चोवीस. मग ती खोकली आणि थांबली.

दोन सेकंदांत काय आभाळ कोसळतं? आज आपण घाईने मोजलं असेल, डोक्यात दुसरंच काही असेल. मास्तरने स्वतःला हे सगळं नीट समजावलं आणि तो हात धुवायला गेला. पण नळाखाली हात धरून तो बराच वेळ तसाच उभा राहिला. त्याला भीती वाटली होती, आणि कशाची ते त्याला नेमकं ठाऊक होतं.

२

मंगळवारी एकतीस.

या वेळी त्याने मनगटावरचं घड्याळ समोर धरलं होतं, त्यामुळे घाईने मोजल्याचं निमित्त गेलं. तो तडक तात्यांकडे गेला. तात्या म्हणजे तिथले मेकॅनिक. तीस वर्षं त्याच टपरीएवढ्या खोलीत बसून त्यांचे केस पांढरे आणि नखं काळी झाली होती. बोलायला लागले की थांबायचं नाव नाही.

"नऊ सेकंदं जास्त?" तात्या म्हणाले. "अरे, माझी बायको निघते म्हणाल्यावर अर्धा तास दारात उभी राहते. तिचं काय करू ते सांग."

"मस्करी नको तात्या. व्हॉल्व्ह गळत असेल का?"

"असेलही. म्हातारी झाली ती. शनिवारी भंगारवाला नेतोय, आता कशाला तिची नाडी बघतोस?" त्यांनी बोळाच्या टोकाला बोट दाखवलं. तिथे दोन नव्याकोऱ्या बॅटरीवरच्या गाड्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून उभ्या होत्या. "मी लागलो तेव्हा इथे डिझेलची गाडी होती. त्याच्या आधी म्हणे नुसते हमाल आणि कप्पी. डिझेलवाली काय धूर ओकायची! संध्याकाळी नाक शिंकरलं की काजळी. पेटी उघडली की फळाला डिझेलचा वास. गिऱ्हाईक माल परत पाठवायला लागलं, तेव्हा ही गॅसवाली आली. धूर नाही, वास नाही, सगळे खूश. अरे, पण दिसत नाही म्हणजे नाही, असं कुठे असतं? इंजिन आहे म्हणजे आत जळतंय, आणि जळतंय म्हणजे काहीतरी बाहेर टाकतंय. काळं नाही, इतकंच, पण विष ते विषच. बंद खोलीत तर..."

तात्या अडखळले. हातातला पाना उगाच फडक्याने पुसायला लागले.

"म्हणजे तुझ्या भाऊजींचं नाही म्हणत मी. त्यांचं हृदयच होतं."

"हो," मास्तर म्हणाला. "हृदयच होतं."

तात्या उठून बोळात आले. पिवळी चालू केली, व्हॉल्व्ह बंद केला, दोघं शेजारी उभे राहिले. मास्तरने मोजलं. बावीसला पिवळी खोकली आणि निमूटपणे थांबली.

"घे," तात्या म्हणाले. "तिला काही झालेलं नाही. तू झोपत जा जरा."

३

ताई पलीकडच्या हॉलमध्ये फळं निवडायच्या टेबलावर कामाला होती. भाऊजी गेल्यावर मॅनेजरने तिला बोलावून कामावर घेतलं होतं. दुपारी बहीणभाऊ एकत्र डबा खायचे. ती मास्तरपेक्षा नऊ वर्षांनी मोठी. त्याला अजून बाळा म्हणायची आणि त्याच्या डब्यात आपल्या डब्यातलं काहीतरी टाकल्याशिवाय तिला घास जात नसे.

"तुझं तोंड का उतरलंय?" बुधवारी तिने विचारलं.

"काही नाही. गाडी जरा त्रास देतेय."

"जाऊ दे, शनिवारी जातेय ना ती. बरंच झालं. मला तो आवाज ऐकवत नाही रे. हे तिच्याच शेजारी गेले ना." तिने पोळीचा तुकडा मोडला. मग नेहमीचंच बोलली. दोन वर्षांत शंभरदा बोलली असेल. "त्या दिवशी सकाळी हे म्हणाले होते, डोकं जड वाटतंय, आज नको जाऊ का? आणि मी म्हटलं, नखरे पुरेत, उठा. बुटाची नाडी तुटलेली म्हणून तेवढंच निमित्त काढून बसले होते. मी पेट्या बांधायची ती निळी दोरी आणून दिली, म्हटलं ही बांधा आणि चला. मीच हाताने ढकललं त्यांना दाराबाहेर. छातीत तेव्हाच काहीतरी होत असणार. मला कळायला नको होतं?"

"ताई, तुझी काही चूक नाही."

"मग कुणाची?"

मास्तरने घास गिळला. 

कुणाची ते त्याला ठाऊक होतं. दुसऱ्या कुणालाही नव्हतं.

भाऊजी पेट्या मोजायचे. हातात पेन्सिलीचा तुकडा, प्रत्येक पेटीवर एक टकटक आणि तोंडाने आकडा. त्या दुपारी ते तीन नंबरच्या खोलीत थप्पीमागे बसून मोजत होते. मास्तरने शेवटची खेप आत आणून ठेवली, तो पिवळीवरून उतरला आणि हातमोजा घातलेल्या हातानेच व्हॉल्व्ह फिरवला. थंडीत व्हॉल्व्हवर दव गोठतं. जाड मोज्यातून तो बंद होण्याआधीच घट्ट लागल्यासारखा वाटतो. या धंद्यातल्या माणसाला हे पहिल्या आठवड्यात कळतं, म्हणून मोजा काढून पुन्हा एकदा बघायचं. मास्तरने बघितलं नाही. भूक लागली होती. "भाऊजी, आटपा," एवढं ओरडला, थंडी बाहेर जाऊ नये म्हणून दार ओढून घेतलं, आणि इंजिन थांबायची वाट न बघता निघून गेला. सगळेच जायचे.

एक्केचाळीस मिनिटांनी त्याने दार उघडलं तेव्हा पिवळी चालू होती.

भाऊजी भिंतीला टेकून बसले होते. गाल गुलाबी, एखाद्या लग्नाला निघाल्यासारखे. आणि मास्तरने पहिल्यांदा काय केलं? त्याने व्हॉल्व्ह बंद केला. किल्ली फिरवली. पंखे लावले, दार सताड उघडलं. आणि मग ओरडला. विचारणाऱ्या प्रत्येकाला त्याने सांगितलं, गाडी मी गेलो तेव्हाच बंद होती. भाऊजींचे वडीलही हृदयानेच गेले होते, त्यामुळे कुणाला शंका घ्यावीशी वाटली नाही. ताईने तर अजिबात घेतली नाही. लहानपणापासून तिचा या भावाच्या शब्दावर विश्वास होता.

त्या बुधवारी पिवळी घड्याळाप्रमाणे अठ्ठावन्न सेकंदं चालली.

आणि बावीसच्या पुढे मास्तर मोजायचाच विसरला होता. मोजणं मात्र चालू राहिलं. तीन नंबरच्या बंद दारामागून, खोलवरून, दर सेकंदाला लाकडावर काहीतरी बारीक आपटत होतं. टक. टक. टक. इंजिन थांबलं तसं तेही थांबलं.

४

गुरुवारी सहा मिनिटं.

मास्तरने दार उघडून आत पाहिलं. पाहायलाच हवं होतं, नाहीतर पुढची रात्र निघाली नसती. दाराला लोंबणाऱ्या प्लास्टिकच्या जाड पट्ट्या बाजूला सारून तो आत गेला. खोली निम्मीच भरलेली होती. सहा-सहा पेट्यांच्या थप्प्या, मधे माणूस आडवा होऊन जाईल एवढी फट, छताला पंखे. पंख्याचं एखादं पातं घासत असेल. थंडीने लाकूड आकसून वाजतं, तेही त्याला माहीत होतं. त्याने पंखे बंद केले आणि उभा राहिला.

टक.

सगळ्यात मागच्या थप्पीमागून, लागोपाठ पाच. मग थोडा वेळ गेला, कुणी आकडा लिहून घ्यावा तेवढा. आणि पुन्हा, थोडं डावीकडून, टक.

पंखे बंद होते. मास्तरला मागे जाऊन बघणं सहज शक्य होतं, वीस पावलं फार तर. त्याचे पाय निघाले नाहीत. बाहेर येऊन त्याने दार ओढलं आणि दाराला पाठ लावून उभा राहिला. तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं की बाहेर बोळात पिवळी पुन्हा चालू झाली आहे. किल्ली त्याच्या खिशात होती.

शुक्रवारी तो तात्यांकडे गेला आणि म्हणाला, सिलिंडरच काढून टाका.

"उद्या काढणारच आहे की."

"आज काढा. माझी शेवटची खेप झाली. राहिलेलं नव्या गाडीने करतो."

तात्यांनी त्याच्याकडे चष्म्यावरून बघितलं. काही विनोद सुचला असावा, पण केला नाही. त्यांनी नळी सोडवली, पट्टे काढले आणि सिलिंडर खांद्यावर घेऊन बाहेरच्या जाळीच्या पिंजऱ्यात नेऊन ठेवला. नळीचं तोंड मोकळं लोंबत राहिलं.

"आता तर झालं समाधान? आता ही बाई जागची हलायची नाही."

"झालं," मास्तर म्हणाला. आणि खरंच त्याला हलकं वाटलं. त्या रात्री तो दोन वर्षांत पहिल्यांदा गाढ झोपला. झोपण्याआधी त्याने एक निश्चयही करून टाकला. पिवळी गेली की ताईला समोर बसवून सगळं सांगायचं. गाडी गेली की सांगणं सोपं जाईल, असं त्याला वाटत होतं.

५

शनिवारी बाराला भंगारवाल्याचा ट्रक येणार होता. साडेअकराला मास्तर नव्या गाडीवरून बोळात आला. बॅटरीच्या गाडीला आवाज म्हणून नाही, त्यामुळे वळणाआधीच त्याला पिवळीचं इंजिन ऐकू आलं.

ती तिथेच उभी होती. पाठ उघडी, पट्टे सुटलेले, नळीचं तोंड मोकळं, आणि इंजिन नेहमीच्या संथ लयीत चालू. तीन नंबरचं दार हातभर उघडं होतं. पट्ट्या आतल्या वाऱ्याने हलत होत्या.

मास्तरने घड्याळ बघितलं आणि खाली बसला. पळून जाता आलं असतं. तात्यांना बोलावता आलं असतं, पण तात्या आले की ती बावीसला गप्प होणार आणि तो वेडा ठरणार. शिवाय आता हिशेब त्याच्या ध्यानात आला होता. चोवीस, एकतीस, अठ्ठावन्न सेकंदं, मग सहा मिनिटं. ती एका आकड्याकडेच निघाली होती आणि तो आकडा त्याच्याशिवाय कुणाला माहीत नव्हता. एक्केचाळीस मिनिटं होतील आणि ती थांबेल. मग ट्रक येईल. बसून काढायचं, बस्स. दारातून टकटक येत होती, आणि त्याने कानांवर हात दाबून धरले. दहा मिनिटं गेली. वीस गेली. ट्रकला उशीर झाला. पस्तीस.

"बाळा, जेवायचं नाही का?"

ताई डबा घेऊन उभी होती. अंगात निवडायच्या हॉलमधला करडा डगला, डोक्याला रुमाल.

"तू जा, मी येतो," मास्तर घाईने उठत म्हणाला.

"इथे काय करत बसलायस? घाम किती आलाय तुला." तिचं लक्ष पिवळीकडे गेलं. ती बघत राहिली. भाऊजींनी तिला घरी बसून या गाडीची सगळी रीत सांगितली होती, ही नवीन आली होती तेव्हा लहान मुलासारखे सांगत बसायचे. "हिची टाकी कुठंय रे?"

"काढलीय."

"मग ही चालतेय कशावर?"

 ताईने डबा हळूच खाली ठेवला. तिचा चेहरा बदलला नाही, आवाज तेवढा बारीक झाला.

"त्या दिवसाबद्दल मी कधी विचारलंच नाही तुला. लोक विचारत होते, मी नाही विचारलं. आज विचारते. तू गेलास तेव्हा ही बंद होती ना?"

सांगायची याहून चांगली वेळ आली नसती. सगळं ओठांवर होतं. ताई, मोजा काढून बघितला नाही मी. ताई, ते सकाळचं डोकं जड होणं काही नव्हतं, तू उगाच स्वतःला खातेयस. त्याने तोंड उघडलं, आणि तिचे डोळे बघितले. या जगात त्याच्या बाजूने बघणारे तेवढेच दोन डोळे होते. ते आपल्याकडे पुन्हा असे कधीच बघणार नाहीत, ही कल्पना त्याला सहन झाली नाही.

"हो ताई," तो म्हणाला. "बंद होती."

पिवळी दोनदा खोकली आणि थांबली.

घड्याळात एक्केचाळीस मिनिटं झाली होती.

६

त्या शांततेत ती टकटक स्पष्ट ऐकू आली. ताईलाही आली. तिने मान वळवली.

"ऐकलंस?"

"लाकूड वाजतंय. थंडीने वाजतं."

"लाकूड कसलं," ताई म्हणाली. तिच्या तोंडावर जे आलं ते बघून मास्तर एक पाऊल मागे सरला, कारण तो आनंद होता. "पाच झाले की थांबतात. बघ. पाच टिचक्या आणि मग लिहून घेतात. घरी डाळीचे डबेसुद्धा असेच मोजायचे."

"ताई, आत जाऊ नकोस."

ती गेली होती. प्लास्टिकच्या पट्ट्या तिच्यामागे एकमेकींवर आपटल्या आणि स्थिर झाल्या. तिचा करडा डगला थप्प्यांच्या फटीतून मागे मागे जाताना दिसला आणि मग दिसेनासा झाला. मास्तर दारापर्यंत गेला. उंबऱ्यापलीकडे त्याला पाऊल टाकता येईना. 

टकटक थांबली.

 मग ताईचा आवाज आला. घरातला आवाज. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीतल्या माणसाशी बोलावं तसा, जरा वैतागलेला, जरा लाडिक. दोन वर्षांत मास्तरने तो ऐकला नव्हता.

"अहो, मोठ्याने बोला जरा. नेहमीचं आहे तुमचं, तोंडातल्या तोंडात."

शांतता.

"हो, दोरी तीच आहे अजून. बघते आहे मी."

शांतता. ही लांबली. मास्तर दाराची कड घट्ट धरून उभा होता. बर्फासारखं लोखंड त्याच्या तळव्याला चिकटलं होतं आणि त्याला ते कळत नव्हतं. पळावंसं वाटत होतं, आणि त्याहून जास्त वाटत होतं की धावत आत जावं आणि तिच्या आधी आपणच बोलून टाकावं. ती वेळ आता गेली होती. आत दुसरं कुणीतरी सांगत होतं.

"पण तो तर म्हणतो बंद होती," ताई म्हणाली. "आत्ताच म्हणाला."

मग कितीतरी वेळ ती फक्त ऐकत असावी. एकदाच "हं" म्हणाली. एकदा "किती मिनिटं?" असं विचारलं. त्यानंतर तिने काहीच विचारलं नाही.

बाहेर दूरवर ट्रकचा हॉर्न वाजला. तात्या कुणाला तरी रस्ता दाखवत होते.

मागच्या थप्पीपाशी पावलं वाजली. ताईची चाल मास्तरला पाठ होती, पाय जरा ओढत टाकायची. ती येत होती, सावकाश. तिच्या पावलांबरोबर आणखी एक पाऊल पडत होतं, जड बुटाचं. फटीत आधी करड्या डगल्याची कड दिसली. त्याच्या शेजारी, जमिनीलगत, बुटावर बांधलेली निळी दोरी.

"बाळा," ताईचा आवाज आला. तिने त्याला आयुष्यात कधी अशा आवाजात हाक मारली नव्हती. "तिथेच थांब. हे काय म्हणतायत ते तुझ्यासमोर ऐकायचंय मला."